फिल्डवरून थेट पीएचडीला जाऊ का?

वाचकाचं पत्र, ओळख पटेल असे तपशील काढून, थोडक्यात:

वय 26, मुलगी, सोलापूर जिल्ह्यातलं गाव, घरी कोरडवाहू शेती. शिक्षण मराठी माध्यमातून, दहावीनंतर आर्ट्स घेतल्यामुळे गणित सुटलं. पुण्यात एमए इकॉनॉमिक्स केलं, नेट दिली, जेआरएफ (पीएचडीसाठीची सरकारी फेलोशिप) मिळाली. गेलं दीड वर्ष बीड जिल्ह्यात एका मोठ्या सर्व्हेवर फिल्ड सुपरवायझर आहे, प्रोजेक्ट परदेशातल्या एका विद्यापीठाच्या प्रोफेसरांचा. डेव्हलपमेंट इकॉनॉमिक्स म्हणजे विकासाच्या अर्थशास्त्रात पीएचडी करायची इच्छा आहे. जवळच्या विद्यापीठातले एक सर म्हणतात, ‘ये, विषय मी देतो, तीन वर्षांत सोडवतो.’ मैत्रिणी म्हणतात परदेशात अर्ज कर, पण गणिताची भीती वाटते, आणि मी तर फक्त फिल्डची माणूस. घरी म्हणतात एमपीएससी दे नाहीतर लग्न कर. त्यात एका ऊसतोड करणाऱ्या बाईने सव्वा तासाचा इंटरव्ह्यू संपल्यावर विचारलं, ‘आमच्यावर अभ्यास करून तू मोठी होशील, आमचं काय?’ तेव्हापासून झोप नीट लागत नाही, गरिबीवर पीएचडी करणं हेच चुकीचं वाटायला लागलंय. (तिच्या फॉर्ममध्ये स्वतःच्या मजुरीचा रकाना होता, ती सांगू शकली नाही, आम्हाला वरून सांगितलं होतं की अशा वेळी जोडप्याच्या निम्मी टाका.) ताई, काय करू?

उत्तर:

ताई म्हणून लिहिलंस तर मीही अगंतुगं करूनच बोलते. आणि तू जी ओळ कंसात टाकलीस ना, तिथूनच सुरू करते, कारण माझ्या मते अख्ख्या पत्रात सगळ्यात वजनदार ओळ तीच आहे आणि तुझं तिच्याकडे लक्षच नाहीये.

समोर बसलेली बाई पहाटे उठून भाकरी थापून नवऱ्याबरोबर फडात जाते, तो तोडतो, ती मोळ्या बांधते, डोक्यावरून गाडीपर्यंत नेते. पैसे टनावर, आणि ते कोयत्याला, म्हणजे जोडप्याला मिळून. उचल, म्हणजे आगाऊ रक्कम, हंगामाच्या आधीच मुकादमाकडून, म्हणजे टोळी नेणाऱ्या कंत्राटदाराकडून घेतलेली, बहुतेक वेळा नवऱ्याच्या हातात आलेली, मग चार-पाच महिने तोडलेला ऊस त्या उचलीत वळता होत राहतो, आजारपणात खाडा पडला की तोही कापला जातो, आणि शेवटी हिशोब होतो तो दोघांचा एकच. आता या बाईची ‘स्वतःची मजुरी’ किती? तिला सांगता आली नाही कारण तसा आकडा कुठे तयारच होत नाही. तुम्ही निम्मी टाकली, टॅबवर फॉर्म सिंक झाला, एन्युमरेटर, म्हणजे फॉर्म भरणारी मुलगी, पुढच्या घरी गेली.

आणि तो आकडा आता डेटासेटमध्ये ‘महिलेचं उत्पन्न’ या नावाने बसलाय. उद्या कुणीतरी त्यावर रिग्रेशन चालवेल, बाईचं उत्पन्न आणि मुलांचं शिक्षण यांचा संबंध बघेल, आणि त्याला कळणारसुद्धा नाही की हे मोजलेलं नाहीये, भागाकार करून आलेलं आहे. तुला कळतं, कारण तू तिथे होतीस.

आता हे मी एवढं लांबण लावून का सांगतेय, तर हा डेव्हलपमेंट इकॉनॉमिक्समधल्या एका मोठ्या वादाचा प्रश्न आहे. पूर्वी थिअरीत घर म्हणजे जणू एकच माणूस धरायचे, एक पाकीट आणि एक निर्णय. हे धरून चालणं डेटासमोर टिकेना झालं. ख्रिस्तोफर उड्री यांचा 1996 चा बुर्किना फासोवरचा पेपर वाचच, एकाच घरात, एकाच वर्षी, तेच पीक, तरी बायकांच्या तुकड्यातलं उत्पन्न पुरुषांच्या तुकड्यापेक्षा कमी, कारण खत आणि मजूर पुरुषांच्या तुकड्याकडे जास्त वळत होते. घर खरंच एका डोक्याने चालत असतं तर तेच खत थोडं इकडे टाकून घराचं एकूण उत्पन्न वाढवता आलं असतं, पण तसं होत नव्हतं. मग 2021 मध्ये एरिका फील्ड, रोहिणी पांडे आणि त्यांच्या सहकाऱ्यांचा मध्य प्रदेशातला अभ्यास छापून आला, रोजगार हमीची मजुरी थेट बाईच्या स्वतःच्या खात्यात टाकली आणि खातं कसं वापरायचं हेही शिकवलं, तर बायकांचं घराबाहेर कामाला जाणं वाढलं. म्हणजे पैसा घरात किती आला एवढ्यावर गोष्ट संपत नाही, तो कुणाच्या नावाने आला यानेही फरक पडतो.

मग जिथे मजुरी मुळात जोडप्याच्याच नावाने बनते तिथे काय होतं? बाईचं काम वाढलं तर घरात तिचा शब्द वाढतो का, की कामच दिसत नसल्यामुळे काहीच होत नाही? विधवा किंवा नवऱ्याने टाकलेली बाई असेल तर मुकादम तिला घेतो का, कुणाबरोबर जोडी लावतो, तिचा हिशोब वेगळा होतो का? यातलं कुणी काय आधीच केलंय हे तुला शोधावं लागेल, पीएचडीच्या सुरुवातीचं बरंचसं काम तेच असतं, पण प्रश्नाची जागा तुला सापडलीये हे नक्की.

म्हणून तुझं पहिलं गृहीतक मला मान्य नाही, ‘मी तर फक्त फिल्डची माणूस’ हे. तुला माहितीये का, तुझ्याच जिल्ह्यातली शिरापूर आणि कळमण ही गावं जगभरच्या डेव्हलपमेंट इकॉनॉमिस्टना माहीत आहेत? हैदराबादजवळच्या इक्रिसॅट या शेतीसंशोधन संस्थेने 1975 पासून ज्या गावांत वर्षानुवर्षं घरोघरी जाऊन शेती, मजुरी, जेवणखाण, कर्ज सगळं लिहून ठेवलं त्यात ही गावं होती, अकोला जिल्ह्यातलीही दोन होती. रॉबर्ट टाउनसेंड यांचा 1994 चा पेपर अशाच गावांवर आहे, एखाद्या घराचं पीक बुडलं तर बाकी गाव त्याला कितपत सांभाळून घेतं यावर. रोझेनझ्वाइग आणि स्टार्क यांनी 1989 मध्ये याच सर्व्हेच्या आधारे दाखवलं की मुली लांबच्या गावात देण्यामागे पावसाची जोखीम वाटून घेणं हेही एक कारण असतं, इथे दुष्काळ पडला तरी व्याह्यांकडे पडलेला असेलच असं नाही. सहकारी साखर कारखान्यांवर अभिजित बॅनर्जी, दिलीप मुखर्जी, कैवन मुन्शी आणि देबराज रे यांचा 2001 चा पेपर आहे, सभासदांमध्ये जमिनीची दरी मोठी असली की मोठे बागायतदार उसाचा भाव दाबून कारखान्यात पैसा राखतात आणि तो आपल्या सोयीने वापरतात असं त्यात मांडलंय. आपल्याकडे हे पारावर बसलेला कुणीही सांगेल, पण सांगणं वेगळं आणि शंभरेक कारखान्यांच्या आकड्यांवरून ते दाखवणं वेगळं, कारण दाखवल्यावर समोरच्याला ‘तुमचं राजकारण आहे’ म्हणून झटकून टाकता येत नाही. दादरच्या शाळांवर मुन्शी आणि रोझेनझ्वाइग यांचा 2006 चा पेपरसुद्धा वाच, मराठी माध्यम की इंग्रजी माध्यम या निवडीत जातीची नोकरीची साखळी मुलांना कशी धरून ठेवते आणि मुली त्या साखळीबाहेर असल्यामुळे कशा इंग्रजीकडे वळतात, हे वाचून तुला तुझेच वर्गमित्र आठवतील.

हे सगळं वाचताना एक गोष्ट बघ, की चांगला पेपर बहुतेक वेळा लोक जो प्रश्न विचारत होते तोच बदलतो. बाबासाहेबांचा 1918 मधला लहान शेतजमिनींवरचा लेख याच पठडीतला. तेव्हा चर्चा होती की शेतीचे तुकडे फार झालेत, ते एकत्र कसे करायचे. त्यांनी म्हटलं की तुकडा लहान की मोठा हे नुसत्या एकरांवरून ठरत नाही, त्यावर राबायला भांडवल किती, अवजारं किती, माणसं किती हे बघा, आणि जमिनीवर पोट भरणारी जादा माणसं हा खरा गुंता असेल तर उपाय उद्योगधंद्यांत शोधा. शंभर वर्षं झाली, आजही विकासाच्या अर्थशास्त्रात शेतीतली माणसं बाहेर कशी पडतात यावर वाद चालूच आहे.

आता त्या बाईच्या प्रश्नाकडे येऊ. गोड उत्तर माझ्याकडे नाही. पीएचडीचा पहिला फायदा पीएचडी करणाऱ्याला होतो, तिला नाही, हे तिने बरोबर ओळखलं. तुझ्या थिसिसमुळे तिची उचल फिटणार नाहीये. अभ्यासाचा फायदा झालाच तर तो उशिरा होतो आणि बऱ्याचदा दुसऱ्याच कुणाला होतो. मुंबई आणि वडोदऱ्यात ‘प्रथम’ या शिक्षणातल्या संस्थेबरोबर बालसखींचा अभ्यास झाला, वस्तीतल्याच शिकलेल्या मुली मागे पडलेल्या पोरांना रोज दोनेक तास वेगळं बसवून वाचायला, गणित करायला शिकवत होत्या, पोरांचे मार्क वाढले. पेपर छापून आला 2007 मध्ये, तोवर ती तिसरी-चौथीतली पोरं हायस्कुलात गेली होती. ती पद्धत पुढे इतर राज्यांत गेली, 2019 च्या अर्थशास्त्राच्या नोबेलच्या वेळीही या कामाचा उल्लेख झाला, पण ज्यांनी आपला वेळ दिला त्यांच्या वाट्याला यातलं फार थोडं आलं. पुण्यात गोखले इन्स्टिट्यूटमध्ये वि. म. दांडेकर आणि नीलकंठ रथ यांनी 1971 मध्ये भारतातल्या दारिद्र्यावर जे काम मांडलं, 2250 कॅलरीचं जेवण परवडेल एवढा खर्च म्हणजे दारिद्र्यरेषा, त्याने पुढची कित्येक वर्षं सरकारला आणि सरकारच्या विरोधकांना बोलायला एक जमीन दिली. अशा कामाचा उपयोग असाच आडवाटेने होतो.

म्हणून स्वतःला विचार, तुला नेमकं काय हवंय. पुढच्या दोन-तीन वर्षांत या बायकांच्या हिशोबात, दवाखान्यात, पोरांच्या शाळेत फरक दिसायला हवा असेल तर पीएचडी हा रस्ता नाही. ऊसतोड कामगारांच्या संघटना आहेत, कायद्याचं काम आहे, प्रशासन आहे (घरचे म्हणतात ती एमपीएससी या दृष्टीने अजिबात टाकाऊ नाही, तू ती वैतागून बाजूला टाकलीयेस असं पत्रावरून वाटलं). आणि तुला जर त्या निम्म्याचं कोडं सोडवायचं असेल, ते सुटेपर्यंत चैन पडणार नसेल, तर पीएचडी कर. आणखी एक विचार करून बघ: चार वर्षं राबून उत्तर आलं की मजुरी बाईच्या नावाने केली तरी काही फरक पडत नाही, तर तू ते तसंच लिहिशील का? कारण कळवळ्याने आलेली बरीच मुलं इथे अडकतात, त्यांना उत्तर आधीच माहीत असतं आणि डेटा त्याला साथ देत नाही म्हणून ती मोडून पडतात.

अपराधी वाटतंय म्हणून पीएचडी सोडू नकोस, आणि अपराधीपणा फेडायला म्हणून करूही नकोस. त्यापेक्षा त्या अस्वस्थपणाचं काहीतरी काम कर. सव्वा तास हा हंगामात राबून आलेल्या बाईसाठी फार होतो. तू सुपरवायझर आहेस, कुठले प्रश्न दोनदा विचारले जातात आणि कुठल्याचं उत्तर कधी कुणी वापरणार नाही हे तुला ऑफिसमधल्या कुणाहीपेक्षा जास्त कळतं, ते लेखी कळव. संमतीचा फॉर्म वाचून दाखवताना एन्युमरेटर गाडी सुटल्यासारख्या वाचतात, तिथे थांबव. वेळेचा मोबदला बजेटमध्ये आहे का विचार. आणि उद्या स्वतःचा अभ्यास केलास तर निष्कर्ष मराठीत, चार पानांत, पाडव्यानंतर बायका गावी परत आल्यावर त्यांच्यासमोर बसून सांगायचे, ही गोष्ट पहिल्या दिवसापासून खर्चात आणि वेळापत्रकात धरून ठेव, नाहीतर ती राहूनच जाते.

गणिताबद्दल स्पष्टच बोलते. अमेरिकेतल्या इकॉनॉमिक्सच्या पीएचडीत पहिलं वर्ष मायक्रो, मॅक्रो आणि इकॉनोमेट्रिक्स, आणि त्यात विकास, गरिबी, ऊस, बाई यातलं काही नसतं, असतात त्या सिद्धता. वर्षाअखेर परीक्षा, ती नाही निघाली तर मास्टर्स घेऊन घरी. डेव्हलपमेंटचे कोर्स दुसऱ्या वर्षी येतात. तेव्हा दहावीनंतर गणित नाही आणि या डिसेंबरमध्ये थेट तिकडच्या टॉपच्या विद्यापीठांत अर्ज, हे मी सुचवणार नाही, फी वाया जाईल आणि उगाच तुझा धीर सुटेल. पण ‘गणित कच्चं म्हणून परदेश कायमचा बंद’ हेही खरं नाही. तुला काय यायला हवं याची यादी लांबलचक नाहीये: एकापेक्षा जास्त चलांचं कॅल्क्युलस, मॅट्रिक्स म्हणजे लिनियर अल्जेब्रा, प्रोबॅबिलिटी-स्टॅटिस्टिक्स, आणि मग रिअल ॲनालिसिस, जिथे गणित ‘करण्या’ऐवजी ‘सिद्ध’ करायला शिकवतात. एनपीटीईएल या सरकारी ऑनलाइन शिक्षणाच्या साइटवर हे कोर्स आहेत, त्यांची परीक्षा देता येते, सर्टिफिकेट मिळतं, आणि रिअल ॲनालिसिसमध्ये बरे मार्क दिसले की अर्ज वाचणाऱ्याला तुझ्या आर्ट्सच्या पार्श्वभूमीबद्दलची शंका बरीच कमी होते. आर्ट्सवाल्यांना हे जमतं, मी जमलेलं पाहिलंय, पण नुसते व्हिडिओ बघून नाही, रोज वहीवर उदाहरणं सोडवून, आणि साधारण दोन वर्षं त्यासाठी काढून. इंग्रजीची काळजी त्यामानाने कमी कर, पेपर वाचत गेलीस की ते येतं.

दुसरं, परदेश म्हणजे अमेरिकाच असं नाही आणि भारतात म्हणजे ते सरच असंही नाही, तुझ्या पत्रात मधलं काहीच नाहीये. मुंबईत गोरेगावला आयजीआयडीआर (इंदिरा गांधी इन्स्टिट्यूट ऑफ डेव्हलपमेंट रिसर्च) आहे, 1987 मध्ये रिझर्व्ह बँकेने सुरू केलेली, तिथे पीएचडीत कोर्सवर्क कडक असतं. दिल्लीत डी-स्कूल (दिल्ली स्कूल ऑफ इकॉनॉमिक्स) आहे आणि आयएसआयचं (इंडियन स्टॅटिस्टिकल इन्स्टिट्यूट) दिल्ली सेंटर आहे. तिरुवनंतपुरमला सीडीएस (सेंटर फॉर डेव्हलपमेंट स्टडीज) आहे, अर्थतज्ज्ञ के. एन. राज यांनी उभं केलेलं, मजूर, स्थलांतर, केरळची शेती या विषयांवर तिथे पिढ्यान्‌पिढ्या काम झालंय, तुझ्या प्रश्नासाठी ते घर वाटेल. आणि डेव्हलपमेंट इकॉनॉमिक्स आणि डेव्हलपमेंट स्टडीज हे एक नाही हेही ध्यानात ठेव. स्टडीजमध्ये गणित कमी, समाजशास्त्र, राजकारण, माणसांशी लांब गप्पा मारून केलेलं काम जास्त, ब्रिटनमध्ये ससेक्सची आयडीएस, नेदरलँड्समध्ये हेगची आयएसएस, मुंबईत टिस या त्याच्या संस्था. मुकादमाची पद्धत अशी का टिकून आहे हा तुझा खरा प्रश्न असेल तर कदाचित तू तिकडचीच आहेस, आणि मजुरी बाईच्या नावाने केली तर काय बदलेल हा असेल तर इकॉनॉमिक्सची. हे आधी ठरव, विद्यापीठ नंतर.

परदेशी पीएचडीसाठी एक नियम मात्र मोडू नकोस, फी माफ आणि वर स्टायपेंड असेल तरच जायचं. एज्युकेशन लोन काढून, शेत गहाण टाकून पीएचडी करायची नाही, कुणी कितीही नावाजलेल्या विद्यापीठाचं पत्र दाखवलं तरी. अमेरिकेतल्या चांगल्या प्रोग्रॅममध्ये पाच-सहा वर्षं असा पैसा मिळतो, ब्रिटनमध्ये ॲडमिशन आणि पैसा या दोन वेगळ्या गोष्टी आहेत त्यामुळे तिथे नीट बघायचं. सध्या काळही थोडा जपून वागायचा आहे, 2025 मध्ये अमेरिकेने यूएसएड ही परदेशी मदत देणारी आपली सरकारी संस्था बंद केली आणि त्या पैशावर चालणारी मोठमोठी सर्वेक्षणं अडकली, तेव्हा ज्या प्रोफेसरकडे जाशील त्यांचा फिल्डचा पैसा कुठून येतो हेसुद्धा विचारायचं, त्यात संकोच नको. राज्य सरकारच्या बार्टी, सारथी, महाज्योती या संस्था त्या-त्या समाजघटकांतल्या विद्यार्थ्यांना पीएचडीला फेलोशिप देतात, अनुसूचित जातीच्या विद्यार्थ्यांसाठी राजर्षी शाहू महाराजांच्या नावाची परदेशी शिष्यवृत्ती आहे, तू कशात बसतेस ते पत्रात नाही, पण बघ.

आता ते सर. ‘विषय मी देतो, तीन वर्षांत सोडवतो’ हे वाक्य आपुलकीने आलेलं असेल, मी त्यांच्या हेतूवर शंका घेत नाहीये, पण मला त्यात दोन्ही गोष्टी खटकतात. विषय त्यांनी दिला तर तुझं ते कोडं गेलं, मग ‘अमुक तालुक्यातील महिला बचत गटांचा चिकित्सक अभ्यास’ असं काहीतरी हातात येतं आणि तू दोनशे प्रश्नावल्या भरून टक्केवारीची कोष्टकं काढत बसतेस. त्यांच्या हाताखाली झालेल्या दोन-तीन जणांना गाठ, सर जवळ नसताना, आणि विचार की ड्राफ्ट दिल्यावर किती दिवसांनी वाचून परत आला, काय लिहून आलं, आणि आता ते कुठे आहेत. शेवटचं महत्त्वाचं, कारण आपल्याकडे पीएचडी होऊनही वर्षानुवर्षं सीएचबीवर तासाच्या पैशावर शिकवणारी माणसं थोडीथोडकी नाहीत, आणि अनुदानित जागा कधी भरतील यावर आयुष्य बेतता येत नाही. उत्तरं चांगली आली तर खुशाल जा, छोट्या विद्यापीठात जीव तोडून वाचणारे गाइड असतात, आणि नावाजलेल्या ठिकाणी विद्यार्थ्याला सहा महिने न भेटणारेही असतात.

माझा कौल मागितलास तर, आत्ता लगेच कुठेच ॲडमिशन नको. एक ते दोन वर्षं रिसर्च असिस्टंट म्हणून काम कर, हल्ली त्याला प्रीडॉक म्हणतात, म्हणजे फिल्डवरून एक पायरी आत, जिथे आलेला डेटा साफ करायचा, स्टाटा किंवा आर या आकडेवारीच्या सॉफ्टवेअरमध्ये कोड लिहायचा, कोष्टकं काढायची. जे-पॅल साउथ एशियासारख्या संशोधन संस्थांत अशा जागा निघतात, पण तुला तर आहे त्या प्रोजेक्टमध्येच सरकता येईल. तुझ्या प्रोजेक्टच्या प्रोफेसरांना दोन पानांची नोट पाठव. त्यात तक्रार नको, नेमकं लिही: या रकान्यात निम्मी टाकायची सूचना आहे, माझ्या टीमच्या फॉर्ममध्ये अशी इतकी घरं आहेत, बॅकचेकमध्ये (फेरतपासणीत) असं दिसलं, त्याऐवजी कोयत्याची एकूण मजुरी, उचल कुणाच्या हातात आली, हिशोबाला कोण बसलं हे तीन प्रश्न विचारले तर एवढा वेळ लागेल. अशी नोट मिळाली की कुठलाही बरा संशोधक खुर्चीत सावरून बसतो. अर्जाला तीन शिफारसपत्रं लागतात, आणि ‘विद्यार्थिनी हुशार व मेहनती आहे’ अशा पत्राला काडीची किंमत नसते, ‘हिने माझ्या सर्व्हेतली ही चूक पकडली’ या पत्राला असते. रात्री वेळ मिळेल तसा पीएलएफएस या सरकारी रोजगार सर्वेक्षणाचा घरोघरचा डेटा सरकारच्या साइटवरून उतरवून घे, तो फुकट आहे, आर सुद्धा फुकट आहे, आणि महाराष्ट्रातल्या बायकांच्या कामाचा एक साधा तक्ता स्वतः काढून बघ, छापील आकड्याशी जुळतो का. पहिल्यांदा जुळत नाही, का जुळत नाही हे शोधण्यात आठवडा जातो, आणि तो आठवडा तुला आवडला की छळ वाटला यावरून तुला स्वतःबद्दल बरंच कळेल.

फिल्डवर पीएचडी करणाऱ्या सगळ्यांसाठीच एक सांगते, वेळापत्रक विद्यापीठाच्या सेमिस्टरवर नाही, पिकाच्या हंगामावर बांधा. ऊसतोडीच्या टोळ्या दिवाळीच्या आसपास निघतात. एथिक्सची परवानगी, फॉर्मचं भाषांतर, पायलट म्हणजे छोटी चाचणी, हे सगळं गणपतीपर्यंत झालं नाही तर माणसं गावातून निघून गेलेली असतात आणि आख्खं वर्ष हातचं जातं.

घरच्यांबद्दल थोडंच बोलते, तुझे आईवडील मला माहीत नाहीत. पण ‘पीएचडी’ हा शब्द घरी ‘अजून शिकतेय’ असाच ऐकू जातो, त्यांना कागदावर दाखव की जेआरएफ म्हणजे पहिली दोन वर्षं महिना 37,000, पुढे 42,000, वर घरभाडं, म्हणजे ही कमाईच आहे. हेही सांग की फेलोशिपचे पैसे कधीकधी काही महिने अडकतात, म्हणून आत्ताच्या पगारातून चार-पाच महिन्यांचा खर्च बाजूला काढून ठेवतेय. लग्नाचं म्हणशील तर ते तुला करायचं असेल तेव्हा कर, पीएचडी चालू असताना लोक लग्नंही करतात आणि पोरंही वाढवतात, फक्त स्थळ बघताना फिल्डसाठी वर्षातले काही महिने गावोगाव राहावं लागेल हे पहिल्याच भेटीत सांगायचं.

या आठवड्यात एवढंच कर: जेआरएफचं अवॉर्ड लेटर काढ आणि त्यावर मुदत कधीपर्यंत आहे ते बघ. दीड-दोन वर्षं शिल्लक असतील तर प्रीडॉक आधी, आयजीआयडीआर आणि सीडीएसचे अर्ज पुढच्या वर्षी, आणि गणित चालू ठेवून परदेशाचे त्याच्या पुढच्या डिसेंबरमध्ये. मुदत याच वर्षी संपत असेल तर क्रम उलटा होईल, मग देशातल्या तीन-चार ठिकाणी आत्ताच अर्ज करावे लागतील आणि त्या सरांना ‘विषय माझा, चालेल का’ असं सरळ विचारावं लागेल. तारीख कळली की मला पुन्हा लिही.